रस्त्याचा कौल

संगीताचा इतिहास लिहूं लागलेला मनुष्य बहुधा दोन ठिकाणीं जातो. पहिलें ठिकाण राजदरबार आणि दुसरें नाटकगृह. दरबारांतून घराण्यांची वंशावळ मिळते, नाटकगृहांतून पदांची परंपरा मिळते. एवढ्या सामग्रीवर ग्रंथ उभा राहतो आणि तो वाचून आपलें समाधानही होतें. परंतु गाण्याचें तिसरें एक ठिकाण आहे, आणि तें म्हणजे रस्ता. उत्सवाच्या दिवशीं रस्त्यावर जें गाणें वाजतें त्याला आश्रयदाता राजा नसतो आणि तिकीट काढून बसलेला प्रेक्षकही नसतो. हजारों माणसें त्या गाण्यावर पावलें टाकतात किंवा टाकीत नाहींत. त्याची परीक्षा एवढीच. या परीक्षेला उतरलेल्या दोन गायकांची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असा आमचा हेतु आहे. एक वेस्ट इंडिजमधील त्रिनिदाद बेटाचा, आणि दुसरा आमच्या शेजारच्या कल्याणचा. ही जोडी वरवर पाहतां विक्षिप्त वाटेल. परंतु दोघांना शेजारीं बसविल्यानें आपल्याकडील एका उपेक्षेचें स्वरूप स्पष्ट होतें, म्हणून हा उद्योग करावयाचा.

प्रथम त्रिनिदादकडे वळूं. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याजवळचें हें एक लहानसें बेट. स्पेनच्या राजानें १७८३ सालीं फ्रेंच कॅथॉलिक मळेवाल्यांना तेथें जमिनी देऊं केल्या, आणि ते लोक येतांना आफ्रिकन गुलाम व आपला कार्निव्हलचा सण बरोबर घेऊन आले. ईस्टरपूर्वींचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू होण्याच्या आधीं खाऊनपिऊन, सोंगें घेऊन, नाचून घ्यावें असा हा सण. आपल्या शिमग्याशीं त्याचें साम्य उघड आहे. गोव्याकडील वाचकांना तर तो इंत्रूज या नांवानें घरचाच आहे. पुढें १७९७ मध्यें बेट इंग्रजांच्या ताब्यांत गेलें, तरी सण चालूच राहिला. मळेवाले आपल्या वाड्यांतून मुखवट्यांचे नाच करीत. गुलामांना त्यांत स्थान नव्हतें. १८३८ मध्यें दास्याचें शेवटचें बंधन तुटलें, आणि मुक्त झालेल्या लोकांनीं तो सण वाड्यांतून काढून रस्त्यावर आणला. मशाली पेटवून, ढोल बडवीत त्यांच्या मिरवणुकी निघूं लागल्या.

सरकारला आणि सभ्य गृहस्थांना हा गोंगाट सहन होईना. १८८१ मध्यें राजधानी पोर्ट ऑफ स्पेन येथें मिरवणूकवाले व पोलीस यांची मोठी मारामारी झाली, आणि १८८४ मध्यें कायदा करून रस्त्यांतील ढोलांना बंदी घालण्यांत आली. ढोल गेला तेव्हां लोकांनीं बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. १९३० नंतर बिस्किटांचे पत्र्याचे डबे व मोटारींचे टाकाऊ लोखंडी भाग हातीं घेतले. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेलाचें रिकामें पिंप त्यांच्या हातीं लागलें. पिंपाचा तळ ठोकून खोलगट करावयाचा, त्यावर लहानमोठे उंचवटे पाडावयाचे, म्हणजे प्रत्येक उंचवट्यांतून निराळा स्वर निघतो. बंदीच्या पोटीं जन्मलेलें हें वाद्य आज त्या देशाचें राष्ट्रीय वाद्य म्हणून मान पावलें आहे.

या सणाचें गाणें म्हणजे कॅलिप्सो. यांत वर्षभराच्या घडामोडींची खबर असते, बड्या लोकांची टवाळी असते, भाववाढीची तक्रार असते, आणि शेजारणीच्या भानगडीही असतात. कार्निव्हलपूर्वीं कित्येक आठवडे गायक मांडवांतून एकमेकांवर तोंडसुख घेतात. एकानें कडवें टाकावें आणि दुसऱ्यानें तेथल्या तेथें जबाब द्यावा. आमच्या शाहिरांच्या कलगी-तुऱ्याचा सामना ज्यांनीं ऐकला आहे त्यांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाहीं. परंतु मांडवांतल्या विजयाहून मोठा एक विजय असतो. कार्निव्हलच्या दोन दिवसांत रस्त्यावर जें गाणें सर्वांत अधिक वेळां वाजेल तें त्या सालचें 'रोड मार्च' ठरतें. मिरवणुकी जातात त्या ठिकाणीं बसून हीं वाजवणीं मोजतात, आणि साल, गाणें व गायक यांची नोंद ठेवतात.

या नोंदींत ज्याचें नांव पुनःपुन्हां येतें तो गायक म्हणजे लॉर्ड किचनर. कॅलिप्सो गाणारे लोक मोठमोठ्या पदव्या धारण करतात, त्यांतलाच हा प्रकार. मूळचा सेनापति किचनर आपल्याकडे कर्झनशाहीपासून परिचित आहे. या गायकाचें खरें नांव ऑल्ड्विन रॉबर्ट्स. जन्म १८ एप्रिल १९२२ चा, अरीमा या गांवचा. बाप लोहार. चौदाव्या वर्षीं पोरकेपण आलें, शाळा सुटली, आणि पाण्याचे नळ टाकणाऱ्या मजुरांना काम करतांना गाणें म्हणून दाखविण्याची चाकरी त्याला मिळाली. श्रमाच्या जागीं गाण्याचा उपयोग काय तें त्याला असें लहानपणींच कळलें. पुढें तो राजधानींत गेला. युद्धामुळें १९४२ ते १९४५ कार्निव्हल बंद होता. तो सुटतांच किचनरचें नांव झालें.

१९४८ मध्यें 'एम्पायर विंडरश' या बोटीनें तो इंग्लंडला गेला. बोट टिलबरीला लागली तेव्हां वार्तापटवाल्यांनीं त्याला गावयास सांगितलें, आणि त्यानें लंडन हीच आपली जागा असें एक गाणें डेकवर उभें राहून म्हटलें. साम्राज्याच्या राजधानींत उतरणाऱ्या काळ्या माणसाचें तें चित्र पुढें फार प्रसिद्ध झालें. दोन वर्षांनीं, जून १९५० मध्यें, वेस्ट इंडिजनें लॉर्ड्सच्या मैदानावर इंग्लंडला प्रथमच हरविलें. त्या विजयांत ज्याच्या फिरकीचा मोठा वाटा होता तो सनी रामाधीन हा हिंदी मजुरांच्या वंशांतला. सामना संपतांच किचनर हातांत गिटार घेऊन मैदानांत शिरला आणि त्याच्या मागें गाणाऱ्यानाचणाऱ्यांची रांग लागली. ज्या मैदानावर टाळीसुद्धां बेतानें वाजवावयाची तेथें त्रिनिदादचा रस्ता येऊन उभा राहिला.

इंग्लंडमध्यें असतांना तो दरसाल कार्निव्हलसाठीं नवीं गाणीं मायदेशीं पाठवीत असे. १९६२ मध्यें त्रिनिदाद स्वतंत्र झालें, आणि १९६३ च्या कार्निव्हलला किचनर परत आला. त्या सालापासून १९७६ पर्यंतच्या चौदा वर्षांत दहा वेळां त्याचें गाणें रोड मार्च ठरलें. पिंपाच्या वाद्यवृंदांसाठींही त्यानें खास रचना केल्या. १९७५ चें त्याचें विजयी गाणें तर तें वाद्य घडविण्याचें श्रेय ज्याला देतात त्या स्प्री सायमनच्या गौरवार्थच होतें. असें असून, १९९३ मध्यें त्याला देशाचा सर्वोच्च सन्मान द्यावा म्हणून चळवळ झाली तेव्हां सरकारनें त्याच्याहून खालचा सन्मान देऊं केला, आणि त्यानें तो नाकारला. ११ फेब्रुवारी २००० रोजीं तो वारला. पोर्ट ऑफ स्पेन येथें आज त्याचा पुतळा उभा आहे.

येथून आपल्याकडे येण्यास इतिहासानेंच एक पूल बांधून ठेविला आहे. गुलाम मुक्त झाल्यावर मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८४५ पासून हिंदुस्थानांतील करारबद्ध मजुरांच्या बोटी त्रिनिदादला जाऊं लागल्या. या मजुरांचा मोठा सण मोहरमचा. त्यांत मुसलमानांबरोबर हिंदूही ताबूत घेऊन निघत. ढोलांना बंदी झाली त्याच १८८४ सालीं, ३० ऑक्टोबर रोजीं, सॅन फर्नांडो गांवाशीं या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि अनेक मजूर मेले. त्या काळीं पुण्यामुंबईकडेही हिंदू लोक ताबुतांपुढें नाचत असत. १८९३ चा मुंबईचा दंगा झाला, आणि लोकमान्यांच्या पुढाकारानें पुढल्याच सालीं पुण्यांत गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आलें. त्या उत्सवांत मेळ्यांचीं पदें निघालीं, सरकारनें त्यांवर नजर ठेविली, आणि पुढें निर्बंधही घातले. आफ्रिकन असो वा हिंदी असो, रस्त्यावर गात चाललेल्या प्रजेची राज्यकर्त्यांना वाटणारी भीति समुद्राच्या दोन्हीं तीरांवर एकाच जातीची होती.

आतां आमचा प्रांत पाहा. कोपर हें दिवा व डोंबिवली यांमधलें स्थानक. वसईच्या मार्गावरील गाड्या येथें वरच्या फलाटावरून जातात आणि कल्याणच्या खालून. जुनी वस्ती आगरी-कोळ्यांची, आणि भोंवतीं आतां चाळी व इमारतींची दाटी. भाद्रपदांत येथून खाडीकडे गणपति निघतात, एप्रिलच्या चौदा तारखेस निळ्या झेंड्यांची मिरवणूक निघते, लग्नसराईंत हळदीच्या रात्री गाजतात. या सर्वांत जें एक वाद्य नेमकें ऐकूं येतें तें बेंजो. तारांचें हें पेटीसारखें वाद्य मूळचें जपानी. नागोया शहरीं १९१२ च्या सुमारास तें घडलें, हिंदुस्थानांत बुलबुलतरंग या नांवानें आलें, आणि टंकयंत्रासारख्या त्याच्या कळा आमच्याकडील गिरणगांवांतून, कव्वालीच्या फडांतून व वरातींतून वाजूं लागल्या. पिंपाचें वाद्य त्रिनिदादनें संग्रहालयांत ठेविलें. बेंजोला आमच्या शिष्ट घरांतून अजून वाद्यच म्हणत नाहींत.

याच रस्त्यावरचा एक आवाज प्रल्हाद शिंदे यांचा. त्यांचा जन्म १९३३ चा. शिंदे घराण्याचें मूळ सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढें. वाचकांना हें गांव निराळ्या कारणानें ठाऊक असेल. गांवकुसाचें काम चाललें असतां १३३८ मध्यें भिंत कोसळली आणि तिच्याखालीं संत चोखामेळा गेले तें हेंच गांव. नामदेवांनीं त्यांच्या अस्थि पंढरपुरीं नेऊन महाद्वारासमोर ठेविल्या अशी परंपरा सांगते. म्हणजे चोखोबा मेल्यावरही दाराबाहेरच राहिले. ज्या समाजांत चोखोबा जन्मले त्याच समाजांतलें हें शिंदे घराणें. विठोबाच्या मंदिराचें दार या समाजाला उघडावें म्हणून साने गुरुजींनीं १ मे १९४७ रोजीं पंढरपुरांत उपोषण आरंभिलें आणि दहाव्या दिवशीं तें सुफळ झालें, तेव्हां प्रल्हाद शिंदे चौदा वर्षांच्या आसपासचे असतील. ही तारीख ध्यानांत ठेविली म्हणजे त्यांच्या पुढल्या गायनाचा अर्थ लागतो.

घरीं आईबापांना कीर्तनाची आवड होती. त्यांच्या मागें उभें राहून साथ करीत मुलगा गाणें शिकला. पुढें नामांकित कव्वाल इस्माईल आझाद यांच्या पार्टींत मागें गाणाऱ्यांत त्यांना जागा मिळाली. कीर्तन आणि कव्वाली अशा दोन शाळांतून हा आवाज तयार झाला, हें महत्त्वाचें आहे. कीर्तनानें शब्द स्वच्छ टाकण्याची शिस्त दिली. कव्वालीनें वरच्या पट्टींत आवाज फेकण्याची ताकद दिली. ध्वनिक्षेपकाच्या भोंग्यांतून, ढोलताशाच्या कल्लोळांतून, शब्द न बुडतां पलीकडे पोहोंचावयाचा असेल तर या दोन्हीं गोष्टी लागतात. बैठकींतल्या गवयाचा नाजूक आवाज तेथें पहिल्या चौकांतच विरून जातो.

मराठी कव्वालीचा सामना हा एक स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. दोन पार्ट्या समोरासमोर, पेटी, ढोलक, बेंजो आणि टाळ्या. एकीनें गाण्यांतून सवाल टाकावयाचा, दुसरीनें त्याच चालींत जबाब द्यावयाचा, आणि पहाटेपर्यंत लोकांनीं जागून निकाल करावयाचा. सत्यशोधकी जलशांचा आणि १९३० नंतरच्या आंबेडकरी जलशांचा वारसा यांत मिसळला. वामनदादा कर्डकांसारख्या कवींनीं बाबासाहेबांचें चरित्र, संविधान, बुद्धाचा उपदेश हे विषय या गाण्यांत आणले. ज्यांच्या घरांत पुस्तक नव्हतें त्यांना हे विषय रात्रभर कानांवर पडून पाठ झाले. विठ्ठल उमप यांच्यासारखे गायक याच मातींतले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीं आले, रात्रीं दहानंतर भोंगा बंद झाला, आणि पहाटेपर्यंत चालणारा सामना त्याबरोबर आटत गेला. नियमांचा हेतु सर्वांच्या आरोग्याचा होता, त्यांत वसाहतवाल्यांचा द्वेष नव्हता, हें खरें. परंतु परिणाम गाण्यावर झालाच.

प्रल्हाद शिंदे यांनीं भीमगीतें गाइलीं, कव्वाल्या गाइल्या, आणि भक्तिगीतेंही गाइलीं. 'पाऊले चालती पंढरीची वाट' हें गाणें ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळा. शब्द दत्ता पाटील यांचे आणि चाल मधुकर पाठक यांची. परंतु तें लोकांच्या मनांत बसलें आहे तें शिंद्यांच्या आवाजानें. त्या गाण्यांतला मनुष्य ज्ञानासाठीं वा मोक्षासाठीं निघालेला नाहीं. त्याच्या ताटांत भाकरी उरलेली नाहीं, म्हणून त्याला देव आठवला आहे. असें गाणें गोड गळ्यानें म्हटलें तर खोटें वाटेल. शिंद्यांच्या आवाजांत जो एक रखरखीतपणा आहे तो तेथें पुराव्यासारखा उपयोगी पडतो.

येथें एक आक्षेप उभा राहतो आणि तो क्षुल्लक नाहीं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास बाबासाहेबांनीं धम्मदीक्षा दिली तेव्हांच्या बावीस प्रतिज्ञांत जुन्या देवदेवतांचा स्पष्ट त्याग आहे. मग एकाच कंठानें भीमगीत आणि विठ्ठलगीत कसें गावें? आम्हांस वाटतें, याचें पहिलें उत्तर साधें आहे: गाणें हा त्यांचा चरितार्थ होता, आणि जो ऐकावयास येईल त्याला गाऊन दाखविणें हा गायकाचा धर्म आहे. परंतु एवढ्यानें भागत नाहीं. ज्या देवळाच्या दाराबाहेर पूर्वजांना सहा शतकें उभें केलें त्याच देवळाच्या वाटेवर आतां लक्षावधि माणसें या घराण्याच्या आवाजानें चालतात. चोखोबांनीं दाराबाहेरून केलेली तक्रार आणि भीमगीतांतली तक्रार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकींत याचना आहे, दुसरींत हक्क आहे. मात्र दोन्हींतला दुखावलेला माणूस एकच आहे. त्या माणसाला जो ओळखतो त्याला दोन्हीं गाणीं गातां येतात, आणि एकाचाही अपमान करावा लागत नाहीं.

१९८० नंतर कॅसेटी आल्या आणि या गाण्याचें अर्थकारणच पालटलें. तबकडी करणें खर्चाचें काम होतें, म्हणून काय मुद्रित व्हावें हें मोठ्या कंपन्या ठरवीत. कॅसेट थोड्या भांडवलावर निघे, आणि एस. टी. स्टँडावरच्या टपरींतही खपे. पीटर मॅन्युएल या अमेरिकन पंडितानें हिंदुस्थानांतील या क्रांतीवर १९९३ मध्यें एक ग्रंथ लिहिला. याच पंडितानें वेस्ट इंडिजच्या संगीतावरही ग्रंथ लिहिले आहेत, ही गोष्ट आमच्या तुलनेला आधार देणारी आहे. शिंदे यांचे पुत्र आनंद व मिलिंद हे याच कॅसेटयुगांत घरोघर पोहोंचले. त्यांचें 'नवीन पोपट हा' वाजल्यावांचून तेव्हां वरात पुढें सरकत नसे. तिसऱ्या पिढींत आदर्श शिंदे चित्रपटांतून गात आहेत. गवयांच्या तीन पिढ्या झाल्या म्हणजे आपण घराणें म्हणतों. मग यालाच घराणें म्हणण्यास अडचण कोणती?

परंतु स्वस्त मालाबरोबर स्वामित्वाचा प्रश्नही आला. रस्त्यावरचें गाणें सर्वांचें असतें, म्हणून तें कोणाचेंच नाहीं असें व्यापारी सहज ठरवितात. १९४५ मध्यें अमेरिकेंत एका कॅलिप्सोच्या लाखों तबकड्या खपल्या आणि त्यावर मूळ रचणाऱ्या लॉर्ड इन्व्हेडरचें नांवही नव्हतें. त्यानें न्यूयॉर्कला जाऊन दावा लावला आणि जिंकला. आपल्याकडे चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे, गळा तिसऱ्याचा आणि पैसा चौथ्याचा, ही स्थिति कोर्टापर्यंत जाण्याचेंही बळ नसलेल्या पुष्कळ कवींनीं व वादकांनीं मुकाट्यानें सोसली आहे.

२००४ सालच्या १५ मे रोजीं वामनदादा कर्डक गेले आणि २३ जून रोजीं कल्याण येथें प्रल्हाद शिंदे गेले. चाळीस दिवसांच्या आंत एका परंपरेचा कवि आणि गायक दोघेही निघून गेले. शिकलेल्या मध्यम वर्गाच्या घरांत या दोन मृत्यूंची बातमी कितपत थांबून वाचली गेली असेल? आम्ही हा प्रश्न स्वतःसह सर्वांना विचारतों. या गाण्यांत कर्कशपणा आहे, कधीं थिल्लरपणाही आहे, हें आम्हांस मान्य आहे. कॅलिप्सोवरही हाच आरोप होता, आणि तो पुष्कळदां खराही होता. परंतु थिल्लर पदांमुळें होनाजी-रामजोशींच्या लावण्या आपण टाकून दिल्या नाहींत. संपादून, निवडून, टीपा देऊन छापल्या. जो विवेक मेलेल्या शाहिरांच्या बाबतींत दाखविला तो कालपरवांच्या गायकांच्या बाबतींत दाखविण्यास शंभर वर्षें थांबण्याचें कारण नाहीं.

त्रिनिदादकडून घेण्यासारखी गोष्ट किचनरचा पुतळा ही नव्हे. पुतळे आपल्याकडे थोडे नाहींत. घेण्यासारखी गोष्ट ती वही आहे, जींत दरसाल रस्त्यावर कोणतें गाणें वाजलें, तें कोणी गाइलें, याची नोंद होते. अशी वही ठेवण्याची चाल आमच्याकडे पडली नाहीं. कोणत्या सालीं कोपर-डोंबिवलीच्या रस्त्यांवर कोणतें गाणें गाजलें, त्याचा कवि कोण, बेंजो कोणी धरला, हें सांगणारीं माणसें अजून ठिकठिकाणच्या चाळींतून आहेत. जुन्या कॅसेटी माळ्यावर पडल्या आहेत आणि त्यांची फीत दर पावसाळ्यांत बुरशीनें खराब होत आहे. आमच्या महाविद्यालयांतून दरसाल मराठीचे शेंकडों विद्यार्थी प्रबंधासाठीं विषय शोधीत असतात. त्यांपैकीं दहा जणांनीं जरी वही-पेन्सिल घेऊन या चाळींच्या पायऱ्या चढावयाचें ठरविलें, तर एका पिढीच्या गाण्याचा इतिहास हातचा जाणार नाहीं. काम कठीण नाहीं, खर्चाचें नाहीं. मात्र तें याच दहा वर्षांत व्हावयास पाहिजे, कारण सांगणारे म्हातारे होत चालले आहेत.